डहाणू हे नाव कोणाचे?

इंग्रजी कवितेच्या तासाला वर्डस्वर्थच्या सरोवरप्रदेशाची ओळख करून देण्याचा प्रसंग आम्हांस दरवर्षी येतो. अशाच एका तासाला एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, विंडरमिअर म्हणजे काय?" प्रश्न आमच्या आवडीचा होता. आम्ही खडू घेऊन फळ्याकडे वळलो आणि पाऊण तास त्या एका नावात घालविला. बाराव्या शतकातील कागदपत्रांत ते नाव कसे लिहिलेले आढळते, त्यातला कोणता भाग नॉर्स आणि कोणता जुन्या इंग्रजीतला, हे सर्व यथासांग सांगितले. तास संपत आला तेव्हा मागच्या बाकावरील, तलासरीकडून आलेल्या एका मुलाने हळूच विचारले, "सर, मग डहाणू म्हणजे काय?" आम्ही तत्काळ उत्तर दिले, "धेनुग्राम. गाईंचे गाव." घंटा झाली, मुले उठली.

घरी परतताना मात्र मनाला रुखरुख लागली. सातासमुद्रांपलीकडील एका तळ्याच्या नावाकरिता आम्ही आठशे वर्षांपूर्वीचा पुरावा मागितला. आणि जे गाव पश्चिम रेल्वेने जाताना शेकडो वेळा खिडकीतून पाहिले, त्याच्या नावाकरिता ऐकीव वाक्य पुरेसे मानले. 'धेनुग्राम' आम्ही कोठे वाचले होते? कोणा जुन्या ग्रंथात? ताम्रपटात? आठवेना. ते आम्ही ऐकले होते, आणि आमच्याआधी सांगणाऱ्यांनीही ऐकलेच होते. प्रस्तुत लेख ही त्या अर्ध्या मिनिटाच्या उत्तराची दुरुस्ती आहे.

प्रथम विंडरमिअरविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्या नावाची कथा आपणांस पुढे उपयोगी पडणार आहे. हे इंग्लंडातील सर्वांत मोठे नैसर्गिक सरोवर. लांबी सुमारे सतरा किलोमीटर, रुंदी त्या मानाने फारच थोडी. नावाचा उत्तरार्ध जो 'मिअर', त्याचा जुन्या इंग्रजीत अर्थ तळे असाच होतो. पूर्वार्ध हे विनंद किंवा विनंदर अशा एका माणसाचे नाव असावे, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. दहाव्या शतकाच्या सुमारास नॉर्स लोकांच्या टोळ्या त्या डोंगराळ मुलखात येऊन राहिल्या. त्यांपैकीच कोणी तरी हा असावा. म्हणजे विंडरमिअर हे 'विनंदाचे तळे'. पुढे विनंदास सर्व विसरले आणि 'मिअर' हा शब्दही सामान्य बोलण्यातून मागे पडला. तेव्हा लोक 'लेक विंडरमिअर' म्हणू लागले. विनंदाचे तळे-तळे! पूर्वीच्या पंडितांनी तर त्या नावाचा संबंध वळण्याच्या अर्थाच्या इंग्रजी धातूशी जोडून 'वळणावळणाच्या काठांचे तळे' असा अर्थ लावला होता. काठ खरोखरच वळणावळणाचे आहेत. अर्थ तळ्याला शोभतो, ऐकणाऱ्याला पटतो, आणि तरीही तो चूक आहे. नावांच्या बाबतीत पटणे आणि खरे असणे ह्या दोन गोष्टी किती निराळ्या असतात, ते ह्यावरून दिसेल.

त्याच प्रदेशातील डरवेंट नदीचे नाव याहूनही जुने आहे. ते इंग्रजांचे नव्हे आणि नॉर्स लोकांचेही नव्हे. त्यांच्यापूर्वी तेथे राहणाऱ्या ब्रिटन लोकांच्या भाषेतले आहे, आणि त्यात ओक वृक्षाचा शब्द दडलेला आहे. शेक्सपिअरच्या गावाजवळून वाहणारी एव्हन हिचे नावही त्याच जुन्या भाषेतले असून त्याचा अर्थ केवळ 'नदी' एवढाच आहे. नव्याने आलेल्या इंग्रजांनी तेथील लोकांस 'हे काय?' असे विचारले असेल. ते म्हणाले असतील, 'नदी'. आणि इंग्रजांनी तेच विशेषनाम समजून घेतले. भाषा बदलते, राज्य बदलते, गावे उठतात आणि नवी वसतात. परंतु पाण्याचे नाव सहसा बदलत नाही. नवा आलेला मनुष्य आपल्या घराला आपल्या मनासारखे नाव देतो, पण नदीचे नाव तो आधीच्या शेजाऱ्याला विचारून घेतो.

आता धेनुग्रामाकडे वळू. डहाणूत पूर्वी घरोघर गाई होत्या, म्हणून गावास धेनुग्राम म्हणत आणि त्याचेच पुढे डहाणू झाले, अशी ही समजूत आहे. कोणत्या गावात घरोघर गाई नव्हत्या, हा पहिला प्रश्न. जी गोष्ट सर्वत्र असते तिच्यावरून एकाच गावाचे नाव पडण्यास काही विशेष कारण लागते. पण हा आक्षेप आम्ही फार ताणत नाही. खरी अडचण उच्चाराची आहे. 'ग्राम' शब्दाचा मराठीत 'गाव' होतो, आणि ज्या नावांच्या शेवटी तो असतो तेथे तो सहसा टिकून राहतो. तलासरी तालुक्यातच आमगाव आहे, करजगाव आहे. डहाणू तालुक्यात वाणगाव आणि आसनगाव आहे. मग धेनुग्रामाचे धेनगाव व्हावयाचे सोडून डहाणू का व्हावे? 'ग्राम' कोठे गेला? 'धे'चा 'डहा' कोणत्या नियमाने झाला? धेनू हा शब्द तर मराठीत 'धेनू' असाच आजवर आहे. त्याचा 'डहाणू' झाल्याचे दुसरे एकही उदाहरण नाही.

परंतु एक व्युत्पत्ती पाडली म्हणजे दुसरी उभी राहत नाही. तिच्याकरिता जुना लेख हवा. आणि आश्चर्याची गोष्ट अशी की, डहाणूपाशी तो आहे. तोही असा तसा नव्हे, विंडरमिअरच्या कागदांपेक्षा सुमारे हजार वर्षांनी जुना.

नाशिकजवळ त्रिरश्मी डोंगरात जी लेणी आहेत, ज्यांस लोक पांडवलेणी म्हणतात, त्यांतील दहाव्या लेण्यास अभ्यासक नहपानविहार म्हणून ओळखतात. क्षहरात वंशातील क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात, दीनीकाचा पुत्र, याने ते कोरविले. तो जन्माने शक होता. पण दानधर्मात त्याने ब्राह्मणांस आणि बौद्ध भिक्षूंस सारखेच संतुष्ट केले. त्या विहाराच्या ओसरीत, मागील भिंतीवर, छताच्या लगत ओळीच्या ओळी त्याच्या दानांची यादी कोरलेली आहे. भाषा संस्कृत, परंतु प्राकृताच्या वळणाने चालणारी, लिपी ब्राह्मी. काल इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. नहपानाच्या नेमक्या सालांविषयी विद्वानांत अजून वाद आहे, तो आपणांस येथे नको. भगवानलाल इंद्रजी, जेम्स बर्जेस, रामकृष्णपंत भांडारकर आणि पुढे फ्रेंच पंडित सेनार अशा अनेकांनी ह्या लेण्यांतील लेख अभ्यासिले.

त्या यादीत उषवदात सांगतो की, भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग येथे त्याने चौसोपी धर्मशाळा बांधल्या, बागा, तळी आणि विहिरी केल्या. शोर्पारग म्हणजे आपले सोपारे, भरुकच्छ म्हणजे भडोच. आणि मग सहा नद्यांची नावे एका दमात येतात: इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका. ह्या नद्यांवर त्याने पुण्यार्थ नावा ठेविल्या, म्हणजे उतारूकडून उतराई न घेता पैलतीरी नेण्याची सोय केली. आणि दोन्ही तीरांवर बसण्यास मंडप व पाण्याच्या पोया घातल्या.

दाहनुका! हे नाव गावांच्या यादीत नाही, नद्यांच्या यादीत आहे. ज्या वेळी डहाणू हे नाव आपल्या दृष्टीस प्रथम पडते, त्या वेळी ते गावाचे नसून पाण्याचे आहे.

ह्या सहा नद्या कोणत्या, ते भगवानलालांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिले. इबा ही अंबिका, पारादा ही वलसाडच्या दक्षिणेची पार, दमणा ही दमणगंगा, तापी ती तापीच. करबेणा ही चिखलीकडून येऊन बिलिमोऱ्याजवळ अंबिकेस मिळणारी कावेरी, आणि दाहनुका ही डहाणूची खाडी. नकाशा पुढे घेऊन ह्यांचा क्रम पाहिला तर प्रथम तो विस्कळीत वाटतो. कारण तापी सर्वांत उत्तरेची असून मध्येच आली आहे. पण यादीचे तीन-तीन नद्यांचे दोन भाग करून पाहा. अंबिका, पार, दमणगंगा, असे उत्तरेकडून दक्षिणेकडे येणे झाले. पुन्हा तापी, कावेरी, डहाणू, असे दुसऱ्यांदा उत्तरेकडून दक्षिणेकडे येणे झाले. दोन खेपांत झालेली कामे, किंवा दोन टिपणांवरून उतरलेली यादी, असे आम्हांस ह्यावरून वाटते. आणि दुसऱ्या खेपेचा शेवट डहाणूस होतो. हा निव्वळ आमचा तर्क आहे. ज्यास पटणार नाही त्याने सोडून द्यावा, मूळ मुद्द्यास त्याने बाध येत नाही.

हा रस्ता कोणता, हे उघड आहे. सोपाऱ्याहून भडोचेस किनाऱ्याने जाणारा व्यापाराचा रस्ता. दर दहा-वीस मैलांवर एक खाडी आडवी येते, भरतीच्या वेळी पाणी छातीच्या वर चढते आणि ओहोटीत चिखल पाय धरून ठेवतो. बैलांचे तांडे, भिक्षू, यात्रेकरू, सर्वांची वाट येथे अडे. पूल बांधण्याचा तो काळ नव्हे. अशा ठिकाणी फुकट नाव मिळणे याची किंमत आज आपणांस समजणे कठीण; परंतु पावसाळ्यात ज्याने कोकणातली एखादी तर पाहिली आहे, तो समजेल. ह्याच लेखात पुढे नानंगोल गावातील नारळीच्या बत्तीस हजार झाडांचे दान आहे. नानंगोल म्हणजे डहाणूच्या उत्तरेस समुद्रकाठी असलेले नारगोळ, असे मानले जाते. नारळीची झाडे त्या किनाऱ्यावर आजही आहेत. गाईंचा उल्लेख मात्र त्या भागाच्या संदर्भात कोठेही नाही.

आणि गाईंचीच गोष्ट निघाली तर तीही सांगून टाकू. हा उषवदात लेखाच्या आरंभीच स्वतःस तीन लक्ष गाई देणारा म्हणवितो. पुढे पुष्कर तीर्थावर स्नान करून त्याने आणखी तीन हजार गाई दिल्या. इतक्या गाई दान करणाऱ्या पुरुषाचा संस्कृत जाणणारा लेखक, एखाद्या नदीच्या नावात धेनू ऐकू येती, तर ती लिहिण्याची संधी सोडता काय? 'धेनुका' लिहिणे त्यास सोपे होते, शोभेचेही होते. त्याने लिहिले 'दाहनुका'.

येथे एक आक्षेप संभवतो. कार्ल्याच्या चैत्यात अनेक खांबांवर 'धेनुकाकट' ह्या गावच्या दात्यांची नावे आहेत, त्यांत काही यवनही आहेत. हे धेनुकाकटच डहाणू का नसावे? नादसाम्य मोठे मोहक आहे, आणि बंदरात यवन असणे स्वाभाविकही आहे. पण त्याच कार्ल्याच्या चैत्यात ह्याच उषवदाताचा लेख आहे. वलूरक येथील भिक्षूंस त्याने करजिक गाव दिल्याचा. म्हणजे एकाच युगातील, एकाच प्रदेशातील, एकाच माणसाच्या परिचयातील ही दोन नावे आहेत. एकात 'ध' आणि 'ए' स्पष्ट कोरला जातो, दुसऱ्यात 'दा' आणि 'ह'. त्या काळच्या लोकांस ती दोन निराळी ऐकू येत होती. आपण ती एक करण्याचे कारण नाही. दामोदर कोसंबींनी तर धेनुकाकट कार्ल्याच्या आसपासच शोधले होते. असो.

आता दाहनुकाचे डहाणू कसे झाले, ते पाहू. हा भाग व्याकरणाचा आहे. ज्यांस त्याचा कंटाळा असेल त्यांनी पुढचा परिच्छेद गाठावा, पण आम्हांस स्वतःस सर्वांत अधिक समाधान येथेच मिळाले. संस्कृतातील 'उका' हा शेवट प्राकृतातून मराठीत येताना त्यातील 'क' गळतो आणि मागे दीर्घ 'ऊ' उरतो. वालुका म्हणजे वाळू. जलूका म्हणजे जळू. यूका म्हणजे डोक्यातली ऊ. त्याच चालीने दाहनुका म्हणजे दाहनू. दोन स्वरांमधील 'न' मराठीत 'ण' होतो: पानीय, पाणी, जन, जण. म्हणून दाहणू. आणि आरंभीचा 'द' पुष्कळ शब्दांत 'ड' होतो: दंश, डास; दाडिम, डाळिंब. हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात असा 'ड' घेणाऱ्या शब्दांची जी नामावळी दिली आहे, तीत 'दाह' हा शब्दच आहे. राहता राहिले ऱ्हस्वदीर्घ. लेखात 'दा' दीर्घ व 'ह' ऱ्हस्व आहे. आज 'ड' ऱ्हस्व व 'हा' दीर्घ आहे. हा एक सांधा ढिला आहे, तो आम्ही झाकीत नाही. इतकेच सांगतो की, हा लेखक ऱ्हस्वदीर्घाच्या बाबतीत फारसा काटेकोर नाही. बत्तीस ह्या संख्येच्या संस्कृत शब्दातही त्याने ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ ईकार कोरला आहे. धेनुग्रामाच्या बाजूने तर एकही सांधा जुळत नव्हता.

एक गंमत जाता जाता. दाहनुकातील जो 'क' काळाच्या ओघात गळाला, तो 'डहाणूकर' ह्या आडनावात परत आल्यासारखा दिसतो. अर्थात हा 'क' तो नव्हे. हा आपल्या 'कर' प्रत्ययाचा. पण नजरचुकीने एखादा हौशी व्युत्पत्तिकार येथेही फसेल.

तेव्हा नाव खाडीचे, आणि गावाने ते खाडीपासून घेतले. ह्यास लेण्यातल्या लेखाखेरीज एक जिवंत साक्षही आहे, आणि ती पाहण्यास नाशिकला जावयास नको. डहाणू गाव खाडीच्या उत्तर तीरावर आहे. तेथे जुना किल्ला आहे, जो पोर्तुगीजांकडून १७३९ साली मराठ्यांनी घेतला. समोर दक्षिण तीरावर कोळ्यांची वस्ती आहे; तिचे नाव धाकटी डहाणू. एका खाडीच्या दोन काठांवर दोन वस्त्या आणि दोघींचे नाव एक! नाव जर गाईंच्या गावाचे असते, तर पाण्यापलीकडच्या मासेमारांनी ते आपल्या वस्तीस कशास लाविले असते? पण नाव जर पाण्याचेच असेल, तर दोन्ही काठांचा त्यावर सारखा हक्क. उषवदाताने पोया घातल्या त्याही दोन्ही तीरांवरच. पुढे आगगाडी आली; स्थानक गावापासून दूर पडले, म्हणून त्यास 'डहाणू रोड' म्हटले. पाण्याचे नाव अशा रीतीने कोरड्या जमिनीवर आणखी आत सरकले. आणि स्थानकाची पाटी वाचणाऱ्यास खाडीची आठवण येण्याचे काही कारण उरले नाही.

आता तो मुलगा पुन्हा विचारील की, हे सर्व ठीक, पण दाहनुका म्हणजे काय? येथे मोह आवरला पाहिजे. संस्कृतात 'दहन' म्हणजे जाळणे. तेव्हा 'जळणारी नदी' असा अर्थ लावणारे कोणी निघेलच, आणि समुद्रातील मावळत्या सूर्याच्या लाल प्रकाशाचे वर्णनही करील. परंतु त्या यादीतील इतर नावांचे पुढे काय झाले, ते पाहावे. इबा ह्या शब्दास संस्कृतात काही अर्थ नाही. तिची पुढे अंबिका झाली, म्हणजे ती देवी झाली. करबेणाची कावेरी झाली, म्हणजे तिला दक्षिणेतील पुण्यनदीचे नाव मिळाले. दमणेला गंगा जोडली गेली. ज्या नावांचा अर्थ लोकांस लागत नव्हता, त्या प्रत्येक नावास पुढच्या पिढ्यांनी ओळखीचा आणि पवित्र असा अर्थ दिला. डहाणूला मिळालेली धेनू ही त्याच प्रकारची देणगी आहे. गाय म्हणजेही देवताच.

करबेणातील 'बेणा' हा शब्द आम्हांस फार विचारात पाडतो. खारवेलाच्या हाथीगुंफा लेखात कण्हबेंणा आहे. महाबळेश्वराहून साताऱ्याकडे येणारी आपली वेण्णा आहे. विदर्भातील वैनगंगेच्या नावातही तोच 'वेणा' ऐकू येतो. इतक्या दूरदूरच्या नद्यांस एकच नाव चुकून मिळणे कठीण. 'बेणा' ह्या शब्दाचा अर्थ कोण्या जुन्या भाषेत नुसता 'नदी' असाच असावा, असा तर्क करावासा वाटतो. तो खरा असेल तर वैनगंगा म्हणजे नदी-नदी झाली. कारण गंगा हा शब्दही आपल्या खेड्यापाड्यांत नदी ह्या सामान्य अर्थाने चालतो. इंग्रजांची रिव्हर एव्हन आणि आमची वैनगंगा ह्या मग सख्ख्या बहिणी ठरतात. आणि दाहनुका ही ह्याच कुळातली. संस्कृत लेखकाने ते नाव खाडीवरच्या लोकांच्या तोंडून ऐकून आपल्या कानाने टिपले. शेवटी स्त्रीलिंगी 'का' कदाचित त्यानेच लाविला. नाव देणारे लोक त्याच्याही आधीचे होते. ते शक नव्हते, आणि संस्कृत बोलणारेही बहुधा नव्हते.

हे आम्ही मुद्दाम सांगतो. धेनुग्राम म्हटले की ह्या किनाऱ्याचा इतिहास संस्कृत बोलणाऱ्या, गाई पाळणाऱ्या वसाहतीपासून सुरू झाल्यासारखा होतो. वारली, मांगेले, धोडिया, दुबळे, मल्हार कोळी हे जे लोक आज ह्या दोन तालुक्यांत राहतात, ते मग त्या इतिहासात पाहुण्यासारखे कडेला उभे राहतात. आमच्या वर्गात प्रश्न विचारणारा तो मुलगा त्यांच्यातला होता. त्याला त्याच्याच मुलखाचे नाव आम्ही उसन्या शब्दांनी समजावून दिले, ह्याचीच खरी रुखरुख होती.

त्याच्या तलासरीविषयीही दोन शब्द लिहितो. तलासरी म्हटले की 'तळे' डोळ्यांपुढे येते आणि मन तेथेच थांबते. परंतु गावाचे नाव एकटे धरून कधी सोडवू नये. शेजारच्या नावांची साक्ष घ्यावी. डहाणू तालुक्यात आंबेसरी नावाचे गाव आहे. तेथे 'आंबे' स्पष्ट आहे, आणि 'सरी' म्हणजे ओळ, रांग. तेव्हा तलासरीतील 'सरी'चा विचार आंबेसरीबरोबरच केला पाहिजे, तळ्यावर उडी मारून चालणार नाही. ह्या भागातील गावांची नावे पुष्कळशी अशीच झाडांची आहेत. चिंचणीत चिंच आहे, करजगावात करंज आहे, वडवलीत वड आहे, सावरोलीत सावर आहे, आसनगावात आसाणा. १९४५ साली वारल्यांच्या लढ्याचा आरंभ जेथील परिषदेने झाला, त्या झरी गावाच्या नावात झरा आहे, आणि तो कोणासही समजतो. गावांची नावे अशी बोलकी असतात, कारण ती त्या मानाने अलीकडची असतात आणि ती देणाऱ्यांची भाषा अजून आपल्या तोंडी आहे. पाण्याचे नाव तेवढे मुके आहे.

ह्या मुलखाच्या सीमा मात्र पाण्यासारख्या स्थिर राहिल्या नाहीत. १ मे १९६० रोजी दोन राज्ये निराळी झाली तेव्हा जुन्या उंबरगाव तालुक्यातील बहुतेक गावे गुजरातेत गेली. इकडे राहिलेल्या गावांस पुढे तलासरी हे मुख्य ठिकाण मिळाले. उषवदाताचे नानंगोल अशा रीतीने एका राज्यात गेले आणि त्याची दाहनुका दुसऱ्या राज्यात राहिली. २०१४ साली ठाणे जिल्हा विभागून पालघर जिल्हा झाला. ज्या सहा नद्यांची नावे एका ओळीत कोरली गेली, त्यांतील एकटी डहाणूच आज पूर्णपणे महाराष्ट्राची आहे.

त्या फुकट नावेचे पुढे काय झाले, हा प्रश्न आमच्या मनात राहून राहून येई. नहपानाचे राज्य तर गौतमीपुत्र सातकर्णीने बुडविले. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली नहपानाच्या नाण्यांचा जो तेरा हजारांवर साठा सापडला, त्यातील बहुतेक नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविलेला आहे. राजा गेला म्हणजे त्याच्या धर्मार्थ नावाही बहुधा जातात. उत्तर नव्हे, पण उत्तरासारखे काही तरी आम्हांस डहाणू तालुक्यातील चिंचणीतच मिळाले. तेथे १९५५ साली काही ताम्रपट सापडले. त्यांतील एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा, शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा आहे. त्या वेळी संयान, म्हणजे आजचे संजाण, येथील मंडलावर राष्ट्रकूटांच्या वतीने एक अरब अधिकारी होता. त्याचे नाव महंमद. ताम्रपटाने त्याचे संस्कृत रूप 'मधुमति' असे केले आहे. नावांस ओळखीचा वेष चढविण्याची आपली हौस किती जुनी आहे, पाहा! त्याने केलेल्या सत्कृत्यांत पट सांगतो की, संयान येथे त्याने अन्नसत्र घातले, तेथे साळीचा भात, कालवणे आणि तूप विनामूल्य मिळे. आणि दोन नद्यांवर त्याने उतारूंसाठी फुकट नावा ठेविल्या.

शक जावयाच्या नावेनंतर आठशे वर्षांनी, त्याच किनाऱ्यावर, अरब अधिकाऱ्याने तेच काम पुन्हा केले. खाड्या त्याच होत्या, भरतीही तीच होती.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला बोलावून आम्ही सांगितले की काल सांगितलेले धेनुग्राम खोडून टाक, आणि वहीत सहा नद्यांची नावे लिहून घे. त्याने लिहून घेतली. मग तो म्हणाला की त्याच्या पाड्याखालच्या ओहोळालाही एक नाव आहे, आणि त्याचा अर्थ त्याच्या आजीलाही ठाऊक नाही. ते नावही आम्ही त्यास, उच्चार जसा असेल तसाच, त्याच पानावर सातवे म्हणून लिहावयास लाविले.